ढोलाची सेवा ढोलातच शोधायला हवी

जुलै उजाडतो, वाद्यपूजन होतं, मुठेच्या पात्रात गणेशोत्सवासाठी ढोलांचा सराव सुरू होतो आणि त्याबरोबर पुण्यातला एक ठरलेला वादही. एक बाजू डेसिबलचे आकडे मांडते, नदीकाठच्या रहिवाशांचे हाल सांगते आणि पथकातल्या पोरांना धांगडधिंगा करणारे ठरवून मोकळी होते. दुसरी बाजू परंपरेचं नाव घेते, आणि तेवढ्याने भागेनासं झालं की समाजकार्याची यादी पुढे करते: रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, दुष्काळी गावाला पाण्याचे टँकर, वस्तीतल्या शाळेला वह्या-दप्तरं. डेसिबलला रक्तदान हे उत्तर नाही आणि रक्तदानाला डेसिबल हे उत्तर नाही, एवढी साधी गोष्ट या गदारोळात राहून जाते. माझं मत आधीच सांगतो. ढोल-ताशा पथकातल्या तरुण मुलामुलींचं वादन ही समाजाची सेवा असू शकते, पुष्कळदा असतेही. पण ती सेवा वादनातच दिसली पाहिजे. ते कुणासाठी आहे, कुठे आहे, किती वेळ आहे, ज्यांच्या दारात आहे त्यांचा विचार करून आहे का, यावर ती ठरते. मानधनाच्या पैशातून नंतर केलेल्या दानाने वादनातली चूक धुऊन निघत नाही. आणि एखाद्या पथकाने दमडीचंही दान केलं नाही, म्हणून त्याचं वादन निरुपयोगी ठरत नाही.

विरोधकांची सगळ्यात भक्कम बाजू आधी मान्य करायला हवी, आडपडदा न ठेवता. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र सांगतात. सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत उभे राहून आवाज मोजतात. त्यांचे आकडे शंभरीच्या आसपास आणि कित्येकदा वर असतात. पेठांमधले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना इमारती, आणि त्या इमारतींमध्ये शहरातली सगळ्यात म्हातारी माणसं राहतात. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या आईच्या खोलीची खिडकी लावून, फटीत टॉवेल कोंबून, तिचा हात धरून बसलेल्या माणसाला ‘वर्षातून एकदाच तर असतं’ हे सांगणं निर्दयपणाचं आहे. त्याला घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. शिवाय ते एकदाच नसतंही. सरावाचे दोन महिने धरले, तर नदीकाठच्या सोसायट्यांमधल्या दहावी-बारावीच्या मुलांची प्रत्येक संध्याकाळ त्या आवाजात जाते.

आणि वादकांच्या कानांचं काय? कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी आरोग्यक्षेत्रात एक प्रचलित निकष आहे: 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. हा हिशेब केला तर शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. अठरा-वीस वर्षांची पोरं त्याच्या मध्यभागी तासन्‌तास उभी असतात, काही जण कापसाचे बोळे घालून, बरेच जण तेही न घालता. जी संस्था स्वतःच्या पोरांचे कान सांभाळत नाही, तिने समाजाची सेवा करतो म्हणावं का? हा प्रश्न पथकप्रमुखांनी मनाला लावून घ्यावा असा आहे.

एवढं मान्य केल्यावरही मला पथकं बंद व्हावीत असं वाटत नाही. त्यांचे पंख छाटणंही मला मंजूर नाही. कारण वादातले दोन्ही पक्ष उपाय चुकीच्या ठिकाणी शोधत आहेत. 2024 च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पथकातल्या वादकांची संख्या 30 वर आणली. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. तेव्हा शहर दोन तटांत विभागलं गेलं, आणि दोन्ही तट ‘30’ या आकड्यावर भांडत राहिले. ध्वनिशास्त्र काय म्हणतं, हे बघायला थांबलं कोण? एका ढोलाच्या जागी तसेच दोन ढोल आले, तर आवाज दुप्पट ऐकू येत नाही. आवाज मोजणाऱ्या मीटरवर तीनच डेसिबल वाढतात. तीसचे साठ केले की तीन, साठाचे एकशेवीस केले की आणखी तीन. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे ढोल दहापट हवेत. उलट मोकळ्या जागेत वाद्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणजे एकशेवीस ढोल तीसवर आणून मीटरवर जे साधतं, ते सरावाची जागा घरांपासून दुप्पट लांब नेऊनही साधतं.

हा हिशेब दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. संख्या कापली की आवाज संपेल असं मानणाऱ्यांचा तो भ्रम दूर करतो. त्याहून जास्त तो पथकांच्या संख्येच्या हव्यासावर बोट ठेवतो. शंभरावर ढोल लावून रस्ता भरतो, पुढचं पथक अडतं, मागचं खोळंबतं, मिरवणूक तीस तासांच्या पुढे जाते (2022 साली गेलीच), पोलीस आणि सफाई कामगार दोन दिवस पायांवर उभे राहतात. आणि या सगळ्याच्या बदल्यात ऐकणाऱ्याच्या कानाला मिळतं काय? तीस ढोलांपेक्षा किंचित जास्त काही. ताल तर संख्येबरोबर बिघडतोच. रांगेच्या शेवटच्या टोकाला ताशाचा ठेका उशिरा पोचतो, तिथले ढोल मागे पडतात, आणि ज्याला लांबचा माणूस ‘जोरदार’ म्हणतो तो जाणकाराच्या कानाला नुसता गोंधळ असतो.

मग मला पथकात एवढं मोलाचं काय वाटतं? ज्यांनी सराव जवळून पाहिला नाही, त्यांना हे कळणं कठीण आहे. संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला नोकरी, कॉलेज, क्लास उरकून पोरं येतात. आधी दोऱ्या ओढायच्या. हे काम दोघांचं, एकट्याचं नव्हे. एक जण गुडघ्याने ढोल दाबून धरतो, दुसरा ताण देतो. भुरभुर पाऊस असेल तर ढोलाचं पान सैल पडतं आणि सगळं पुन्हा. नवी मुलगी आठवडाभर रिकाम्या हाताने नुसता ठेका मोजते, मग तिच्या कमरेला ढोल चढतो. बोटांच्या पेरांना चिकटपट्टी, टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, धरलेल्या तळव्याला फोड. बँकेतला कारकून, रिक्षावाल्याचा मुलगा, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आणि भाजीच्या गाड्यावर बसणारा पोरगा एका रांगेत उभे राहतात, आणि ताशेवाला जो हात, म्हणजे ठेका, धरेल तो सगळ्यांनी धरायचा असतो. या शहरात पेठ, उपनगर, जात, पगार, शाळेचं माध्यम असे इतके कप्पे पडले आहेत, की वीस वर्षांच्या माणसाला आपल्या कप्प्याबाहेरच्या माणसाबरोबर दोन महिने घाम गाळायची दुसरी जागा दाखवा. मला तरी सहज सापडत नाही.

ढोल पूर्वी मावळ-मुळशीकडच्या गावांतून शहरात यायचा. शहरी विद्यार्थ्यांची शिस्तबद्ध पथकं उभी राहिली ती ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या अंगणात, आणि त्यामागे मुलांना घडवण्याचाच विचार होता. मुली त्यातून ढोलापर्यंत पोचल्या. रात्री उशिरा भर रस्त्यात, हजारोंच्या गर्दीत, कमरेला ढोल बांधून उभी असलेली मुलगी हे दृश्य आज आपण गृहीत धरतो. आपल्या आज्यांना ते कल्पनेतही करता आलं नसतं. 2024 मध्ये तृतीयपंथी वादकांचं शिखंडी पथक पुण्यात वाजलं. ज्यांना पाहून लोक गाडीची काच वर करतात, त्यांच्यासाठी त्याच लोकांनी रस्ता मोकळा केला आणि त्यांच्या ठेक्यावर मान डोलावली. यात कुठलं शिबिर नव्हतं, कुठला धनादेश नव्हता. जे झालं ते वादनातूनच झालं. मिरवणुकीत पथकाभोवती दोर धरून चालणारी पोरंही बघा. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की ढोल थांबतात, दोर बाजूला सरकतो, पाहता पाहता गर्दी दुभंगते आणि गाडी निघून जाते. ही शिस्त त्या पोरांना कुणी भाषणातून शिकवलेली नाही. सरावातच ती अंगात भिनते.

काही मित्र म्हणतात, सेवा-बिवा कशाला, आनंद मिळतो एवढं पुरे नाही का? पुरे आहे. घरात बसून सतार छेडणाऱ्याला कुणी सेवेचा जाब विचारत नाही, विचारूही नये. पण रस्ता सगळ्यांचा आहे. जो आनंद दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरतो, त्याला जाब द्यावाच लागतो.

वाजवणाऱ्या-गाणाऱ्या तरुणांनी समाजासाठी उभं राहण्याची पुण्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती सरसकट गौरवण्यासारखी नाही. 1894 पासून सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघू लागले. पोरांचे गट, एकसारखे पोशाख, पदं, लेझीम. या मेळ्यांनी स्वराज्याचा विचार ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांच्या कानापर्यंत नेला. सरकारने पुढे त्यांच्यावर बंधनं आणली ती उगीच नव्हे. पण त्याच मेळ्यांच्या पदांनी मोहरमच्या ताबुतांवर बहिष्कार घालायला सांगितलं, आणि सुधारकांची नावं घेऊन टवाळी केली. त्याआधी पुण्यातले कितीतरी हिंदू ताबुतांपुढे नाचत असत. एका पिढीत ते थांबलं, त्यात या पदांचा हात होता. 1920 च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा छत्रपती मेळा उभा राहिला तो ब्राह्मणी वळणाच्या मेळ्यांना उत्तर म्हणून, आणि त्याच उत्सवात, त्याच रस्त्यांवर दोन बाजूंची पोरं एकमेकांविरुद्ध गाऊ लागली. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि सावकार-भटजीच्या पिळवणुकीची गोष्ट शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत सांगितली. आंबेडकरी जलशांनी वस्त्यावस्त्यांत शिक्षणाचा आणि स्वाभिमानाचा निरोप नेला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे पुण्याचे कलावंत घडले, ते लोकांपुढे काही म्हणायचं होतं म्हणून.

या इतिहासातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, या सगळ्यांची सेवा किंवा अपसेवा त्यांच्या सादरीकरणातच होती. मेळ्याने मनं दुखावली तर पदांनी दुखावली, जलशाने डोळे उघडले तर वगाने उघडले. नंतर वाटलेल्या वह्यांनी त्याचं मोल कमी-जास्त झालं नाही. दुसरी, तरुणांच्या एकत्र वाजण्यात जी ताकद असते ती स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते. ती कुणाला जवळ घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हे दरवेळी बघावं लागतं. आज एखादं पथक मशिदीपुढे मुद्दाम थांबून दोन हात जास्त वाजवत असेल, तर त्याने वर्षभरात कितीही झाडं लावली असोत, त्याने शहराचं नुकसानच केलं आहे.

मानधनातून दान करणाऱ्यांची बाजू मी हलकी लेखत नाही. कलेतून पैसा उभा करून तो सार्वजनिक कामाला देण्याचं आपल्याकडचं सगळ्यात तेजस्वी उदाहरण म्हणजे संयुक्त मानापमान या संगीत नाटकाचा प्रयोग. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, दोघंही तिशीतले, टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. पण त्या प्रयोगाकडे नीट पाहा. पैसा कशासाठी हे आधी जाहीर होतं. ज्याने तिकीट काढलं त्याने ते जाणून काढलं, आणि ज्याला ऐकायचं नव्हतं त्याच्या घरात ते नाट्यपद शिरलं नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनाचंही तसंच. दिवसा गावातली घाण स्वतः झाडायची आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून सांगायचं. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्यांना दिसत होत्या. आपल्या किती पथकांनी मिळालेलं मानधन, वाद्यांवरचा खर्च आणि समाजकार्याला दिलेली रक्कम असा हिशेब फलकावर लावला आहे? जे लावतात त्यांना मी मनापासून हात जोडतो. बाकीच्यांनी समाजकार्याचं नाव घेण्याआधी तो लावावा.

पथकांच्या वाढीतला एक मुद्दा मात्र दोन्ही बाजू विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात अवघड आहे. ज्यांचं पोट वाजवण्यावर आहे, त्यांचं काय? हलगीवाले, सनई-चौघडावाले, बँडवाले, गावाकडून सुपारी घेऊन येणारे ढोलवाले. या घरांमध्ये वाद्य पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याबरोबर जातीचा कमीपणाही त्यांच्या माथी आला. वाद्य शहरी, शिकलेल्या पोरांच्या हातात गेलं तेव्हा त्याला प्रतिष्ठा आली. ज्यांनी ते सांभाळलं त्यांच्या वाट्याला ती प्रतिष्ठा आली का? हौशी पोरं कमी मानधनात किंवा फुकट वाजवतात, तेव्हा कुणाची तरी सुपारी जाते. यावर ‘आम्ही तर पैसे घेतच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, उलट तोच प्रश्न आहे. सेवा म्हणून फुकट वाजवणाऱ्याने एवढं तरी बघावं की आपल्या फुकटपणाची किंमत दुसऱ्या वादकाच्या चुलीवर पडत नाही ना. पथकांना यातून वाट काढता येईल. ताशा शिकवायला आणि हलगीचे मूळ ठेके बसवायला या घरांतल्या वादकांना उस्ताद म्हणून बोलवावं, रीतसर मानधन द्यावं, फलकावर त्यांचं नाव आधी लिहावं. पथकातल्या किती पोरांना आपण वाजवतो तो हात कुठून आला हे माहीत आहे? ते कळणं हेही समाजाशी नातं जोडणंच आहे, आणि माझ्या मते वृक्षारोपणापेक्षा अधिक सच्चं.

आता शेवटचा आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद: पथकांवर बंधनं आली की डीजेच्या भिंती येतील. ही भीती खरी आहे. डीजेचा आवाज ढोलापेक्षा अधिक बोचरा असतो, त्यात कुणाला काही शिकावं लागत नाही, घाम गाळावा लागत नाही, दोर ओढायला दुसऱ्याची गरज पडत नाही. म्हणूनच पथकं टिकली पाहिजेत असं मी म्हणतो. पण ‘आम्ही त्यांच्यापेक्षा बरे’ एवढ्या बळावर काही फार काळ टिकत नाही. पेठेतल्या आजोबांना पथक आणि डीजे यांतला फरक खिडकी लावल्यावर कळत नाही; तो फरक त्यांना कळेल असं वादन पथकाला करावं लागेल.

ते अशक्य नाही. अनेक पथकं एका जागी उभं राहून स्थिर वादन करतात; त्याची वेळ आणि जागा आधी सांगितली, रुग्णालयापासून आणि घरांपासून अंतर ठेवलं, सकाळच्या वेळी तासाभराचंच वादन ठेवलं, तर ऐकायला येणारा माणूस आपणहून येईल. सरावासाठी महापालिकेने वस्तीपासून दूरची मोकळी मैदानं ठरवून द्यावीत आणि पथकांनी तिथे जायला कुरकुर करू नये. प्रत्येक वादकाला कानाचं संरक्षण सक्तीचं असावं. उत्सव संपल्यावर वाद्यं गोदामात दहा महिने पडून राहतात. तीच महापालिकेच्या शाळांमध्ये आठवड्यातून एकदा गेली आणि पथकातल्या दोन पोरांनी तिथल्या मुलांना ठेका शिकवला, तर त्यात मानधनातून दिलेल्या दप्तरापेक्षा जास्त काहीतरी त्या मुलांच्या हाती लागेल. करोनाच्या दोन वर्षांत, 2020 आणि 2021 मध्ये, मिरवणुका निघाल्या नाहीत. त्या काळात पथकांतली कितीतरी पोरं शिधा पोचवत फिरली, कारण त्यांच्याकडे एकमेकांचे फोन नंबर होते आणि एका हाकेला जमायची सवय होती. ती सवय वर्षभर वापरता येते.

हे सगळं पथकांच्या एकट्याच्या हातात नाही, आणि इथे मंडळांना दोष द्यायलाच हवा. सुपारीच्या बैठकीत मंडळाचा पहिला प्रश्न असतो, ‘ढोल किती आणणार?’ शेजारच्या मंडळाकडे ऐंशी आहेत, मग आम्हाला शंभर हवेत. पथकप्रमुखाला संख्या फुगवावी लागते ती इथे. मंडळाने त्याऐवजी विचारावं: तुमच्या ताशेवाल्याला किती हात येतात? आमच्या रस्त्यावर दोन दवाखाने आहेत, तिथे तुम्ही काय करणार? मागच्या वर्षीचा हिशेब दाखवाल का? तुम्हाला शिकवणारे कोण, त्यांना काय देता? यंदाच्या सुपाऱ्या ठरण्याआधी पाच मानाच्या मंडळांनी एवढे चार प्रश्न लेखी स्वरूपात विचारायला सुरुवात केली, तर बाकीची मंडळं पुढच्या वर्षी तेच करतील आणि पथकप्रमुखांना संख्येऐवजी वादनाची तयारी करण्याची मोकळीक मिळेल.